मामांची हॉर्नेट फळीवर ठेवू की लेकीच्या हातात देऊ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दोन वर्षांपूर्वी मामा गेले. त्यांच्या माळ्यावरच्या खोक्यात तामियाची जुनी हॉर्नेट सापडली, १/१० मापाची, रिमोटवर पळणारी बग्गी. टायर कडक होऊन तडकलेत, स्टिकर पिवळे पडलेत, बॅटरीवर पांढरी पूड आलीय. ट्रान्समीटर २७ मेगाहर्ट्झचा आहे. चासीच्या नाकाला तडा गेलाय आणि मामांनी त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी दोन स्क्रूंनी बसवलीय. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ती चालवायचीच आहे. मित्र म्हणतो ब्रशलेस मोटर, तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) आणि ॲल्युमिनियमचे पार्ट टाक. भाऊ म्हणतो हात लावू नकोस, किंमत जाईल. बायको म्हणते तिच्यासाठी नवीन किट घेऊ या. मला एवढंच कळत नाही की काय केलं तर मामांची गाडी मामांचीच राहील?

उत्तर:

तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण तिघंही वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलताहेत. भाऊ संग्रहातल्या गाडीबद्दल बोलतोय, मित्र शर्यतीच्या आणि बायको मुलीच्या. तुमच्यासमोर जी आहे ती मामांनी भरपूर पळवलेली, आपटलेली आणि स्वतः दुरुस्त केलेली गाडी आहे. तिच्यापुरता विचार करू.

आधी किमतीचं बघू. जुन्या किटला खरा भाव असतो तो न जोडलेल्या, खोक्यासकट जपलेल्या नगाला. चासीला तडा गेलेल्या, पट्टी मारलेल्या गाडीत बेअरिंग घातल्याने काही गमावत नाही. गमावतं ते कापल्याने, भोकं पाडल्याने आणि जुना भाग फेकून दिल्याने. म्हणून एकच नियम ठेवा: जो बदल परत फिरवता येतो तो करा, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. भावाची काळजीही त्यात सांभाळली जाते.

मित्राच्या सल्ल्यात एक गृहीतक दडलंय, की सुधारणा म्हणजे वेग. हॉर्नेट १९८४ साली आली तेव्हा ५४० आकाराच्या साध्या ब्रशवाल्या मोटरसाठी बेतलेली होती. तिची मागची रचना उलटी करून बघा. मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल मिळून एकच गठ्ठा आहे, आणि तो अख्खा गठ्ठा पुढच्या बिजागरीवर वरखाली हलतो. म्हणजे एका चाकाखाली दगड आला की सगळं वजन उसळतं. ही गाडी मागून उड्या मारते ती याच कारणाने, त्यात बिघाड काही नाही. तीन सेलची लिपो पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट देते, जुनी ७.२ व्होल्टची बॅटरी त्यापुढे कुठेच नाही. एवढी ताकद प्लास्टिकच्या गिअरवर आणि डिफरन्शियलमधल्या (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातल्या) छोट्या बेव्हल गिअरवर आली की दात आधी झिजत नाहीत, सरळ उडतात. गाडी सरळही धावत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की गिरकी घेते. आणि ट्रिगर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात असणार आहे.

ॲल्युमिनियमचंही तेच. जुनं प्लास्टिक धक्का बसला की वाकतं आणि परत येतं. एक आर्म (चाक धरणारी दांडी) धातूची केली की तोच धक्का पुढच्या भागावर जातो, म्हणजे नेमका तडा गेलेल्या चासीवर. आर्म सहज बदलता येते, चासी बदलली की अख्खी गाडीच बदलली.

बायकोचा पर्याय मात्र मी सहज बाजूला टाकणार नाही. तामियाने २००४ साली हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली. नवीन किट घेतलंत तर मुलीला स्वतः जोडण्याचा आनंद मिळेल आणि ती निर्धास्तपणे आपटेल. पण पत्रात तुम्ही लिहिलंय की तिला "ती"च चालवायचीय. शिवाय पुनरावृत्ती झाल्यामुळे टायर, बॉडी, गिअर, स्टिकर असे बहुतेक भाग आज नवे मिळतात आणि त्यातले बरेचसे जुन्या गाडीला बसतात. "पार्ट मिळणार नाहीत" ही भीती या मॉडेलपुरती तरी बरीच कमी आहे. माझं मत सांगायचं तर गाडी पळती करा, ताकद मूळचीच ठेवा, आणि पैसा अशा ठिकाणी घाला जिथे तो दिसत नाही पण जाणवतो: बेअरिंग, रेडिओ, स्पीड कंट्रोल, शॉकचं तेल. मूळ बॉडी फळीवर ठेवा, मैदानावर नवी वापरा.

सुरुवात स्क्रूपासून

काहीही सैल करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वायरी कुठून कुठे जातात त्याचे वेगळे. हे किट जपानी आहे आणि स्क्रूंचे माथे जेआयएस (जपानी मानक) मापाचे आहेत. नेहमीचा फुलीचा पेचकस त्यात नीट बसत नाही, जोर लावला की उसळून वर येतो आणि माथा खाऊन टाकतो. जेआयएसचा एक क्रमांक २ आणि एक क्रमांक १ घ्या. या कामातली ही सगळ्यात उपयोगी खरेदी.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात बसला की हलकं "टक्" जाणवतं, मग सुलटा आवळा. असं न करता सरळ आवळलात तर स्क्रू प्रत्येक वेळी नवा आटा पाडतो, आणि तीनचार वेळांत भोक पोकळ होतं. भोक आधीच गेलं असेल तर त्याच जाडीचा २ मिमी जास्त लांबीचा स्क्रू लावून बघा, खाली जागा आहे याची खात्री करून.

प्लास्टिक धुवायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. थिनर, ॲसिटोन, ब्रेक क्लीनर यांतलं काही चासीजवळ आणू नका, चासीचं एबीएस प्लास्टिक विरघळतं. स्क्रू सुटू नयेत म्हणून धातूच्या आट्यांना लावतात ते लॉकिंग द्रावणही प्लास्टिकला लावायचं नाही. लावल्यावर काही होत नाही, आठवड्याभराने स्क्रूभोवती केसासारखे तडे उमटतात.

मामांची पट्टी

ती काढून नवी चासी घालू का, असा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण पत्रभर तोच आहे. पट्टी काढा, पण फक्त खालचा तडा बघण्यासाठी. भिंगातून बघा, तडा पट्टीच्या पुढे सरकलाय का? नसेल तर काही करायचं नाही. सरकला असेल तर त्याच्या अगदी टोकाशी १.५ मिमीचं भोक पाडा. तड्याचं टोक अणकुचीदार असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो, गोल भोक तो ताण पसरवतं आणि तडा थांबतो. (भोकं पाडू नका म्हटलं होतं, हा एक अपवाद.) मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून एबीएसचं सॉल्व्हंट सिमेंट तड्यात उतरू द्या, क्लॅम्पने २४ तास दाबून ठेवा, आणि तीच पट्टी त्याच भोकांत परत बसवा. स्क्रू गंजले असतील तर तेवढे बदला. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद इथे नको, तो कडक होतो आणि पहिल्याच धडकेत उकलतो.

मामांनी दुरुस्ती करूनच ही गाडी चालती ठेवली होती. तुम्ही तेच करणार आहात.

गिअरबॉक्स

इथे एक अख्खी संध्याकाळ द्या. झाकण उघडल्यावर मेणासारखं घट्ट, पिवळट ग्रीस दिसेल. ते टूथपिकने खरवडून काढा, गिअर साबणाच्या पाण्यात धुवा, धातूचे शाफ्ट अल्कोहोलने पुसा. पिनियनजवळ (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) राखाडी-काळा लगदा असेल तर तो नुसता मळ नाही, झिजलेला धातू आहे. पिनियनचा दात नखाने चाचपा. नव्या दाताच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, झिजलेला एका बाजूला आकड्यासारखा वळतो. तसा वाटला तर पिनियन स्टीलची घाला, दातांची संख्या आणि दाताचं माप जुन्याइतकंच ठेवून. मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमीचा असतो. पिनियनचा बारीक स्क्रू शाफ्टच्या चपट्या भागावरच टेकला पाहिजे, नाहीतर तो गोल भागावर घसरतो आणि गाडी नुसतीच ओरडते. हा स्क्रू धातूत धातू आहे, इथे लॉकिंग द्रावणाचा एक थेंब चालेल, पिनियन मोटरवर चढवताना लावा आणि सुकल्यावरच मोटर गाडीत घाला.

डिफरन्शियल वेगळा उघडा. एक चाक धरून दुसरं फिरवल्यावर कटकट लागली तर आतला एखादा दात गेलाय. सगळं ठीक असेल तर आत थोडं घट्ट ग्रीस भरा, म्हणजे एक चाक हवेत उचललं गेलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळत नाही. बाकी गिअरना मात्र पातळ थर पुरे. ग्रीस ठासून भरण्याचा मोह होतो, पण जादा ग्रीस फक्त फिरणं जड करतं आणि कुठून वाळूचा कण आलाच तर त्याला धरून ठेवतं.

आता बेअरिंग. जुन्या किटांत शाफ्ट प्लास्टिकच्या किंवा धातूच्या बुशांत (साध्या कड्यांत) फिरत. बुश झिजलं की शाफ्ट डुगडुगतो आणि गिअर एकमेकांपासून दूर सरकतात, दात जाण्याचं हे नेहमीचं कारण. प्रत्येक बुश कॅलिपरने मोजा. तामियाच्या गाड्यांत ५×११×४ मिमी हे माप फार आढळतं, कुठे ५×८×२.५ असतं, पण अंदाजावर मागवू नका. माती-वाळूत चालवायची असल्याने रबरी सील असलेली घ्या, ती किंचित जड फिरतात पण टिकतात. फरक हातालाच कळेल: मोटर न लावता चाक फिरवून सोडलं की आधी अर्ध्या फेरीत थांबायचं ते आता फिरत राहील. त्याच मोटरमध्ये वेग थोडा आणि बॅटरीची वेळ थोडी, दोन्ही वाढतात.

मोटर, स्पीड कंट्रोल, रेडिओ

मूळ चंदेरी मोटर बहुधा जिवंत असेल. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पातळ तेलाचा एकेक थेंब द्या, आणि गाडीबाहेर ३ व्होल्टवर पाचेक मिनिटं चालवा. आवाज एकसारखा झाला तर वापरा. अडखळत असेल किंवा ब्रशजवळ मोठ्या निळ्या ठिणग्या दिसत असतील तर ती डब्यात ठेवा. तिचे ब्रश बदलता येत नाहीत, पण त्याच आकाराची आणि ताकदीची साधी ५४० मोटर सहज मिळते. नव्या मोटरवर कपॅसिटर आहेत ना बघा: ०.१ मायक्रोफॅरडचे तीन, दोन्ही टोकांपासून डब्याला एकेक आणि दोन टोकांमध्ये एक. ते नसले तर ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओ गडबडतो आणि स्टिअरिंग थरथरतं.

मामांच्या गाडीत दोन सर्वो (रेडिओच्या हुकमाने दांडी फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) दिसतील. एक स्टिअरिंगचा, दुसरा यांत्रिक स्पीड कंट्रोल फिरवणारा. तो तांब्याच्या पट्ट्यांवरून एक पातं सरकवतो आणि मोजक्या पायऱ्यांत वेग देतो. हळू चालवताना उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, म्हणून तो भाग चटका बसण्याइतका तापतो. लहान मुलीच्या गाडीत हे नकोच. जागेवरून न हलवता जपायचं असेल तर फक्त तारा सोडवून इन्शुलेट करा. त्याऐवजी ब्रशवाल्या मोटरचा, रिव्हर्स असलेला ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल) घ्या, २७ टर्नची मोटर झेपणारा. तो रिसीव्हरलाही वीज पुरवतो, त्यामुळे रिसीव्हरचा वेगळा सेलचा डबा असेल तर तो जोडायचा नाही. दुहेरी टेपने जिथे हवा लागेल तिथे चिकटवा.

२७ मेगाहर्ट्झचा संच चालू होईलही, पण तो क्रिस्टलच्या (वारंवारिता ठरवणाऱ्या छोट्या भागांच्या) जोडीवर चालतो. जवळ त्याच वारंवारितेवरचं दुसरं खेळणं चालू झालं की गाडी कोणाचंही ऐकेल. २.४ गिगाहर्ट्झचा साधा दोन किंवा तीन चॅनेलचा पिस्तुल-आकाराचा संच घ्या. रिसीव्हरच्या तारेच्या टोकाचा सुमारे ३ सेंटिमीटरचा उघडा भाग म्हणजे खरा अँटेना, तो कापायचा किंवा दुमडायचा नाही. गाडीवरची जुनी उंच नळी राहू द्या आणि नवी तार तिच्यात घाला. हॉर्नेट तिच्याशिवाय ओकीबोकी दिसते.

स्टिअरिंगला नवा सर्वो घेताना दात मोजा: बनावटीनुसार २३, २४ किंवा २५ असतात आणि चुकीचा हॉर्न (सर्वोवर बसणारा हात) दाबून बसवला की दात गुळगुळीत होतात. सर्वो-सेव्हर नवा घ्या. चाक भिंतीवर आपटल्यावर तो लवतो आणि सर्वोचे गिअर वाचवतो. जुन्याची स्प्रिंग ढिली झालेली असते, त्यामुळे गाडी डावीकडून सरळ येते पण उजवीकडून येत नाही, आणि माणूस ट्रिम (गाडी सरळ धावावी म्हणूनची बारीक जुळणी) फिरवत बसतो.

बॅटरी

पांढरी पूड आलेली ती बॅटरी निकेल-कॅडमियमची असणार. ती चार्ज करून बघू नका. कॅडमियम विषारी आहे, हातमोजे घालून पिशवीत बंद करा आणि ई-कचऱ्यात द्या. डब्यात ठेवायला नको असा हा एकच भाग.

मुलीसाठी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड घ्या. लिपोपेक्षा जड आहे, पण चूक पोटात घालते. जुन्या गाड्यांत कुबड असलेल्या आकाराचे पॅक वापरत, त्यामुळे विकत घेण्याआधी कप्प्याची लांबी, रुंदी, उंची मोजा. सरळ पॅक बसत नाही म्हणून चासी कापणारे पुष्कळ आहेत, तुम्ही कापू नका. पुढे लिपो घ्यावीशी वाटली तर दोनच सेलची, कडक कवचाची, आणि ईएससीत लिपोचा कट-ऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी गाडी थांबवणारी सोय) असेल तरच. बॅलन्स चार्जरवर, माणूस खोलीत असताना, चार्जचा करंट १सीच्या वर नाही. म्हणजे ३००० एमएएचच्या पॅकला ३ अँपिअर. पांढरा जुन्या पद्धतीचा कनेक्टर सैल झाला असेल तर तो तापतो आणि वितळतो, दोन्ही बाजूंचा बदला.

शॉक, टायर, बॉडी

हॉर्नेटच्या पुढे नुसत्या स्प्रिंग आहेत, तेल मागच्या दोन शॉकमध्येच. ते आता कोरडे किंवा गळके असतील. ओ-रिंग बदला, जुन्या दाबल्यावर चपट्या राहतात. ३०० ते ४०० सीएसटीचं (तेलाच्या घट्टपणाचं माप) सिलिकॉन तेल भरा. शाफ्ट हळूहळू वरखाली करा, बुडबुडे वर येईपर्यंत दहा मिनिटं उभा ठेवा, मग शाफ्ट अर्धा आत ढकलून झाकण लावा, जादा तेल कडेने ओघळू द्या. दोन्ही शॉक सारखेच परत यायला हवेत. उड्या मारणं कमी होईल, थांबणार नाही. घट्ट तेल घालून ते थांबवायला गेलात तर खडबडीत जमिनीवर मागची चाकं हवेतच राहतील.

तडकलेलं रबर कशानेही परत मऊ होत नाही. नवे टायर घ्या.

बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे आणि रंग आतून दिलेला असतो. म्हणून पिवळा स्टिकर ओढून काढला तरी रंगाला धोका नाही, पण तडा असेल तिथे बॉडीच फाटते. मूळ बॉडीला हात न लावणंच बरं. फार तर तड्यामागे आतून फायबरची जाळीची टेप लावून तिच्यावर बूट चिकटवतात तो लवचिक गोंद पसरा. नवी बॉडी मुलीला रंगवू द्या. आतून रंगवायची असल्याने गडद रंग आधी, फिका नंतर. आणि रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच, नाहीतर गाडी पहिल्यांदा उलटली की पापुद्रे निघतात.

पहिला दिवस

चाकं हवेत ठेवून चालू करा. आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना उलटं. नव्या ट्रान्समीटरवर थ्रॉटलची (वेगाच्या ट्रिगरची) मर्यादा ५० टक्क्यांवर आणा. दोन बॅटऱ्यांनंतर तिचा हात बसला की ७० करा. पाच मिनिटांनी थांबवून मोटरला बोट लावा. तीन सेकंद टेकवता आलं तर ठीक, चटका बसला तर गिअर कुठेतरी घट्ट बसलेत किंवा बेअरिंग वाकडं गेलंय. मोठ्या पिनियनचा विचार तोवर नको. पहिल्या तीन बॅटऱ्यांत प्रत्येक बॅटरी संपली की चाकांचे नट, मोटरचे दोन स्क्रू आणि पट्टीचे दोन स्क्रू तपासा.

जुना ट्रान्समीटर डब्यात ठेवण्याआधी त्याचं मागचं झाकण उघडा. आत सेल राहिले असतील तर ते गळलेले असणार. काढा, स्प्रिंगवरची हिरवट-पांढरी पूड व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण सुकू द्या. क्रिस्टलची जोडी त्याच खोक्यात, एका पाकिटात, दोन्ही एकत्र.